छताकडे बघू की समोर? जुन्या वास्तूतल्या नव्या कलेबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात सहज चार ओळी लिहिल्या होत्या, की समकालीन कलेची बरीच म्युझियम्स जुने राजवाडे, बंद पडलेली पॉवर स्टेशनं, रिकामी झालेली हॉस्पिटलं अशा ठिकाणी थाटलेली असतात आणि तिथे गेलं की एका तिकिटात दोन म्युझियम्स बघून होतात. काही शंका असतील तर कळवा म्हटलं होतं. कळवलंत! अर्ध्याअधिक पत्रांची सुरुवात "प्रश्न बावळट आहे पण" अशी आहे आणि मला तरी त्यातला एकही बावळट वाटला नाही. जमतील तेवढे घेतलेत. नावं टाकलेली नाहीत, काहींनी तसं सांगितलं होतं आणि बाकीच्यांची मीच गाळली.

प्रश्न : एका राजवाड्यातल्या म्युझियमला गेलो होतो. खरं सांगते, दोन तास मी नुसतं छत बघत होते. नक्षी काय, सोनेरी पट्ट्या काय, ढगातून डोकावणारी माणसं काय. खाली काय मांडलं होतं विचाराल तर आठवत नाही. नवरा म्हणतो तिकीट वाया गेलं. गेलं का हो?

अजिबात नाही. आणि नवऱ्याला विचारा, त्याला तरी खालचं काय आठवतंय.

अशा ठिकाणी छत हीच पहिली कलाकृती असते, तेव्हा तुम्ही सुरुवात बरोबरच केलीत, फक्त तिथेच अडकलात. मी काय करते ते सांगते. पहिली वीस मिनिटं कलेकडे बघायचंच नाही. नुसतं फिरायचं, मान वर, मान खाली. फरशी कुठे बदलते, दार कुठे बुजवलंय, खिडकी एवढी उंच का आहे, जिना एवढा रुंद का, असलं सगळं बघून घ्यायचं. भूक भागली की मग परत पहिल्या खोलीत यायचं आणि आता समोर बघायचं. हे न करता थेट कलेकडे जायचा प्रयत्न केला तर डोळे चोरून वर जातातच आणि मग दोन्हीकडचं काही धड दिसत नाही.

इटलीत तुरिनजवळ रिव्होलीचा किल्लेवजा राजवाडा आहे, सव्हॉय या राजघराण्याचा. अठराव्या शतकात फिलिप्पो युव्हारा नावाच्या आर्किटेक्टने त्याचा भव्य आराखडा केला आणि काम मध्येच थांबलं, ते थांबलंच. 1984 साली तिथे समकालीन कलेचं म्युझियम सुरू झालं, त्याआधी आंद्रेआ ब्रूनो या आर्किटेक्टने इमारत दुरुस्त केली. तर या ब्रूनोची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्याने युव्हाराचं अर्धवट राहिलेलं काम पूर्ण करायचा मोह टाळला. अर्धवट भिंती अर्धवटच ठेवल्या, नवीन जे लागलं ते काच आणि स्टीलमध्ये, उघडउघड नवीन दिसेल असं केलं. म्हणजे राजाचे पैसे, उत्साह, नशीब, जे काय संपलं असेल ते कुठल्या विटेपाशी संपलं हे तुम्हाला आजही दिसतं.

आणि तिथेच माउरिझ्झिओ कॅतेलानची 1997 सालची एक कलाकृती आहे, नोवेचेंतो. पेंढा भरलेला खराखुरा घोडा, पोटाखालून पट्टा घालून छताला टांगलेला, मान खाली पडलेली, पाय लोंबकळतायत. आता गंमत बघा, हा घोडा बघायला तुम्हाला मान वर करावीच लागते! आणि वर केली की त्याच्या मागे ते राजेशाही छत असतंच. राजवाड्यांतून घोडे कसे दिसतात, तर चित्रात, पुतळ्यात, दोन पाय हवेत आणि वर राजेसाहेब. इथे चारही पाय हवेत आणि वर कुणी नाही. हाच घोडा एखाद्या पांढऱ्या रिकाम्या हॉलमध्ये टांगला असता तर नुसता मेलेला घोडा वाटला असता (मला तरी). तेव्हा पुढच्या वेळी छत बघाच, फक्त छताच्या आणि तुमच्या मध्ये काय आहे तेही बघा.

प्रश्न : स्पष्ट बोलतो, राग मानू नका. ज्यांनी पिढ्यानपिढ्या खपून एवढ्या सुंदर इमारती उभ्या केल्या त्यांच्या छाताडावर ही प्लॅस्टिक, तारा, भंगार असली कला आणून ठेवायची म्हणजे त्या वास्तूचा अपमान आहे. यांना स्वतःची बिल्डिंग बांधता येत नाही का?

राग कशाला मानू, हे वाटणारे तुम्ही एकटे नाही. 2008 मध्ये व्हर्सायच्या राजवाड्यात जेफ कून्स या अमेरिकन कलाकाराच्या वस्तू मांडल्या, फुग्याच्या कुत्र्यासारखा दिसणारा चकचकीत धातूचा कुत्रा वगैरे, तेव्हा फ्रान्समध्ये मोठा गदारोळ झाला होता. दोन वर्षांनी ताकाशी मुराकामी या जपानी कलाकाराच्या प्रदर्शनाच्या वेळी परत तेच.

पण दोन गोष्टी वेगळ्या करू. एक, जुनी वास्तू वापरात असावी का. दोन, कशासाठी वापरावी.

पहिलीचं उत्तर सोपं आहे. बंद घर जेवढं खराब होतं तेवढं वापरातलं होत नाही हे सांगायला आर्किटेक्ट लागत नाही. पन्हळ तुंबते, पाणी भिंतीत उतरतं, फटीत झाड उगवतं, आणि एक दिवस कुणीतरी म्हणतं की पाडूनच टाका. वारसा इमारतींच्या जतनासाठी 1964 मध्ये व्हेनिसमध्ये एक सनद ठरली, जगभरचे जतनवाले अजून तिचं नाव घेतात. त्यात सरळ म्हटलंय की समाजाच्या उपयोगाच्या कामासाठी वास्तू वापरली तर जतनाला मदतच होते, फक्त त्या नादात तिची रचना आणि सजावट बदलायची नाही. आणखी एक म्हटलंय की नवीन काही जोडावंच लागलं तर ते नवीन आहे हे कळलं पाहिजे, जुन्याची नक्कल करून फसवायचं नाही. रिव्होलीतली काच आणि स्टील आठवा.

लंडनचं टेट मॉडर्न आता सगळ्यांना माहितीये, पण ते मूळचं बँकसाइडचं पॉवर स्टेशन, 1981 ला बंद झालं, मग वर्षानुवर्षं नुसतं उभं होतं. 2000 मध्ये म्युझियम झालं म्हणून ती 99 मीटरची चिमणी आज आहे. बर्लिनचं हाम्बुर्गर बानहोफ हे रेल्वे स्टेशन 1840 च्या दशकातलं, आणि गाड्या बंद झाल्या 1884 ला. म्हणजे स्टेशन म्हणून चाळीस वर्षंसुद्धा नाही! मग वाहतुकीचं म्युझियम झालं, युद्धात मार खाल्ला, आणि 1996 पासून तिथे समकालीन कला आहे. आता मला सांगा त्या वास्तूचा अपमान नेमका कुणी केला, गाड्या बंद करणाऱ्यांनी की दारं उघडणाऱ्यांनी?

दुसऱ्या गोष्टीत मात्र मी थोडी तुमच्या बाजूची आहे. कधीकधी खरंच इमारत नुसती फोटोचं बॅकग्राउंड म्हणून वापरतात, महागडी वस्तू झुंबराखाली ठेवली की आणखी महाग दिसते एवढंच. मी एक साधी परीक्षा घेते : ही वस्तू इथून उचलून चार पांढऱ्या भिंतींत नेली असं मनात धरायचं. काहीच हरवत नसेल तर तिला इथे आणायचं कारण नव्हतं. हरवत असेल तर इमारत कामाला लागलीये.

पॅरिसच्या बूर्स द कोमेर्सचं बघा. मुळात गोल आकाराची धान्याची बाजारपेठ, अठराव्या शतकातली, वर 1812 च्या सुमाराचा लोखंडी घुमट, नंतर तिचा व्यापाराचा एक्सचेंज झाला आणि घुमटाच्या आत कडेने देशोदेशींच्या व्यापाराची चित्रं आली. जपानी आर्किटेक्ट तादाओ आंदो याने तिच्या पोटात काँक्रीटचा एक मोठा गोल उभा केला, 9 मीटर उंच आणि 29 मीटर व्यासाचा, जुन्या भिंतींना धक्का न लावता, आणि पुढेमागे काढून टाकता येईल अशा बेताने. 2021 मध्ये उद्घाटनाला त्या गोलाच्या मधोमध उर्स फिशरचा एक पुतळा होता, जांबोलोन्याच्या सोळाव्या शतकातल्या प्रसिद्ध संगमरवरी शिल्पाची हुबेहूब नक्कल, पण मेणाची, आत वाती. प्रदर्शन सुरू झाल्यावर पेटवली. महिनोन्महिने तो संगमरवरासारखा दिसणारा पुतळा वितळत राहिला, हात गळून पडले, मान गेली, आणि वर तो दोनशे वर्षांचा घुमट तसाच. भंगार म्हणा हवं तर, पण ते त्या घुमटाखालीच बघायचं भंगार आहे.

प्रश्न : एवढी देखणी जुनी भिंत असताना तिच्यासमोर पुठ्ठ्यासारखी पांढरी भिंत का उभी करतात? पैसे जास्त झालेत का?

खिळा मारायला परवानगी नाही म्हणून. संरक्षित वास्तू असली की भिंतीला भोक पाडणं ही फार मोठी गोष्ट असते आणि खाली जुनी रंगवलेली नक्षी असेल तर विचारायलाच नको. म्हणून स्वतःच्या पायावर उभी राहणारी दुसरी भिंत आणतात, चित्रं तिच्यावर टांगतात, वायरी तिच्या आतून नेतात. आणि दोन भिंतींच्या मध्ये फट ठेवतात, जुन्या चुन्याच्या भिंतीला श्वास घ्यावा लागतो म्हणून, ती ओल घेते, सोडते, आणि कोंडली तर लोणा धरते, गिलावा फुगून पापुद्रे सुटतात. पुढच्या वेळी त्या पांढऱ्या भिंतीच्या टोकाशी जाऊन आडवं डोकावून बघा, दोन भिंतींमधली ती अंधारी बोळ दिसेल. मला तर समोर लावलेल्या चित्रापेक्षा कधीकधी ती बोळच जास्त आवडते, हे छापू नये खरं तर.

प्रश्न : आईचं वय 74, गुडघे दुखतात, पण हौस दांडगी. जुन्या वास्तूत नेऊ का? जिने आठवून पोटात गोळा येतो.

न्या, पण आधी नीट चौकशी करून. "लिफ्ट आहे का" असं विचारू नका, सगळे आहे म्हणतात. "लिफ्ट कुठल्या कुठल्या मजल्यावर जाते आणि लिफ्टपासून दालनापर्यंत किती पायऱ्या आहेत" असं विचारा. जुन्या इमारतीत एकाच मजल्यावर दोन खोल्यांच्या मध्ये तीन पायऱ्या निघतात, वेगवेगळ्या काळी बांधलेले भाग जोडलेले असतात ना. लिफ्ट मजल्यावर जाते पण खोलीत जात नाही.

लिफ्ट बसवणं हीच अशा वास्तूत मोठी डोकेदुखी असते कारण मजल्यामजल्याला भोकं पाडायची तर कमानी तुटतात. माद्रिदच्या रेना सोफिया म्युझियमने मस्त तोडगा काढला. ती इमारत अठराव्या शतकातलं हॉस्पिटल, जाडजूड भिंती, लांबच लांब कमानींचे कॉरिडॉर. त्यांनी लिफ्ट आत घातल्याच नाहीत, दर्शनी भिंतीच्या बाहेर काचेचे उंच मनोरे उभे करून त्यात बसवल्या. म्हणजे आईला गुडघ्यांचा त्रास नाही आणि वर जाताना बाहेरचा चौक पण दिसतो. आधी जिथे रुग्ण असायचे त्याच इमारतीत आता पिकासोची गेर्निका आहे, बॉम्बहल्ल्यातल्या माणसांचं चित्र, हे तिथे उभं राहिल्यावर जाणवल्याशिवाय राहत नाही.

दुसरं म्हणजे चालणं. लोक जिन्याला घाबरतात आणि लांबीला विसरतात. टेट मॉडर्नचा टर्बाइन हॉलच 150 मीटरपेक्षा जास्त लांब आहे, त्यात उतरायला उतार केलाय हे छान, पण परत चढायचाही असतो. तेव्हा व्हीलचेअर मिळत असेल तर सुरुवातीलाच घ्या. आई म्हणेल मला काय झालंय, मी चालेन. तर "बॅग ठेवायला घेतो" म्हणायचं आणि ढकलत न्यायची, तासाभरात ती स्वतःच बसते. हा प्रयोग मी घरी केलाय, शंभर टक्के यशस्वी. बऱ्याच ठिकाणी घडीची हलकी स्टुलं पण देतात, काउंटरला विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

आणि चपला-बूट बघून. जुना दगड झिजून गुळगुळीत झालेला असतो, पायऱ्यांना मधोमध खळगे पडलेले असतात.

प्रश्न : बावळट प्रश्न आहे. कला कुठली आणि इमारतीचं सामान कुठलं हे ओळखायचं कसं? मी एका पाइपाचा फोटो काढला आणि तिथला गार्ड हसला.

या बाबतीत तुम्ही माझ्या जवळचे निघालात. मी एकदा एका जुन्या वास्तूत कोपऱ्यातल्या एका छोट्या डब्यासमोर पाच मिनिटं उभी होते. आत कागदाचं गोल रीळ, त्यावर एक बारीक काटा, शाईची थरथरती निळी रेघ. रेघ मध्येच जरा उंचावायची, परत खाली. मला वाटलं काय सुंदर कल्पना आहे, ही खोली श्वास घेतेय आणि काटा तो लिहून ठेवतोय. मग लेबल शोधायला लागले तर सापडेना. तिथल्या गार्डबाई शांतपणे जवळ आल्या आणि म्हणाल्या, तो हवेचा दमटपणा मोजायचा डबा आहे.

बरं, माझी कल्पना तशी चुकीची पण नव्हती! ती खोली खरंच श्वास घेत होती. कागद, लाकूड, कॅनव्हास यांना दमटपणाचे चढउतार सोसत नाहीत, साधारण पन्नास टक्क्यांच्या आसपास स्थिर ठेवायचा प्रयत्न असतो, आणि आपण माणसं म्हणजे चालतेबोलते हीटर, नुसते उभे राहिलो तरी शंभरेक वॅट उष्णता सोडतो आणि वर श्वासातली वाफ. त्यातून पावसात भिजलेला घोळका आत आला की काटा उड्या मारतो. म्हणून ओल्या छत्र्या बाहेर ठेवायला लावतात, ती नुसती शिस्त नाही.

ओळखायची युक्ती म्हणाल तर लेबल शोधा, जमिनीवर पट्टी किंवा दोरी आहे का बघा, आणि गार्डला विचारा. गार्ड दिवसभर तिथे उभे असतात, त्यांच्याइतकं त्या वस्तूकडे कुणी बघितलेलं नसतं, आणि त्यांना कुणी काही विचारत नाही.

बाकी हसायचं तर आपल्यालाच कशाला हसा. जर्मनीत डॉर्टमुंडला एका जुन्या ब्रुअरीच्या इमारतीत म्युझियम आहे. तिथे मार्टिन किपेनबर्गरची एक कलाकृती होती, लाकडी पट्ट्यांचा मनोरा आणि खाली रबरी टोपलं, टोपल्यात पाणी वाळल्यावर राहतो तसा पांढरट डाग रंगवलेला. 2011 मध्ये सफाई करणाऱ्या बाईंनी तो डाग घासून घासून लख्ख केला. विम्याची किंमत 8 लाख युरो. आणि त्या कलाकृतीचं नाव होतं "छतातून गळायला लागतं तेव्हा". जुन्या इमारतीत, छत गळण्याबद्दलची कलाकृती, आणि डाग दिसला म्हणून पुसणारी माणसं. माझ्या मते त्या बाईंइतकी मनापासून ती कलाकृती खरी कुणीच मानली नसेल.

प्रश्न : मुलगा 9 वर्षांचा. अशा ठिकाणी नेलं की दहा मिनिटांत "आपण कधी जायचं". आणि दर दोन मिनिटांनी मला "हात लावू नको" ओरडावं लागतं.

"हात लावू नको" च्या ऐवजी "का नाही लावायचा" ते एकदा दाखवा. काचेवर किंवा स्टीलच्या भांड्यावर बोट दाबायला सांगा, ठसा दिसेल, म्हणावं हा घाम आणि तेल, असे रोज हजार लोकांचे ठसे पडले तर काय होईल. मुलांना कारण दिलं की ती गार्डपेक्षा कडक होतात, मग आपल्यालाच दटावतात.

आणि त्याला कला बघायला नेऊ नका, शोधायला न्या. खेळ सांगते : ही खोली आधी काय होती ओळखा. बुजवलेलं दार शोधा, भिंतीतली कडी, जमिनीवर एखादी रेघ, छताला हूक. डब्लिनचं आधुनिक कलेचं म्युझियम सतराव्या शतकातल्या निवृत्त सैनिकांच्या निवासात आहे, म्हणून तिथे मोठमोठ्या हॉलऐवजी कॉरिडॉरला लागून छोट्या छोट्या खोल्या आहेत. केपटाउनचं झाइट्झ म्युझियम म्हणजे धान्य साठवायचा सायलो होता, काँक्रीटच्या 42 उभ्या नळ्या. थॉमस हेदरविक या डिझायनरने मक्याच्या एका दाण्याचा आकार घेतला, तो प्रचंड मोठा केला आणि त्या नळ्यांच्या आत तेवढी पोकळी कोरून काढली. तुम्ही आत शिरता ते धान्याच्या कोठारातल्या दाण्यात शिरता. ही गोष्ट नऊ वर्षांच्या मुलाला सांगून बघा आणि मग "कधी जायचं" म्हणतो का बघा.

तरीही म्हणाला तर निघा. चाळीस मिनिटं पुष्कळ झाली.

प्रश्न : पाठीवरची सॅक पुढे घ्यायला लावतात ते काय? आणि फ्लॅश?

सॅक पाठीवर असली की आपण वळतो तेव्हा ती किती जागा घेते याचा आपल्याला पत्ता नसतो. अरुंद जुन्या दारात तर नाहीच. फ्लॅशने प्रत्येक वेळी चित्राचं वाटोळं होतं असं काही नाही, पण दिवसभर सगळ्यांनी मारला तर बाकीच्यांच्या डोळ्यांचं होतं, म्हणून नकोच. काही ठिकाणी फोटोलाच बंदी असते, ती हक्कांची भानगड असते, वाद घालू नका.

प्रश्न : काही खोल्यांत इतका अंधार का? लाइट बिल वाचवतात की जुनी वास्तू म्हणून गूढ वाटावं म्हणून?

कागद, कापड, जलरंग, जुने फोटो यांना उजेड खातो, आणि खाल्लेला रंग परत येत नाही. म्हणून अशा वस्तूंवर साधारण 50 लक्सच्या वर उजेड पडू देत नाहीत, तैलचित्रांना 150-200 चालतो. 50 लक्स म्हणजे किती, तर आपल्या अभ्यासाच्या टेबलावर असतो त्याच्या फार तर दहावा हिस्सा. जुन्या वास्तूत पंचाईत अशी की खिडक्या मोठाल्या, कारण बांधल्या तेव्हा दिव्यांची सोय नव्हती, सगळा कारभार सूर्यावर. म्हणून त्या खिडक्यांना पडदे, फिल्टर, कधी सरळ फळ्या लावून बंद करतात. मला त्याचं वाईट वाटतं, पण इलाज नाही.

तुम्ही एवढंच करा, अंधाऱ्या खोलीत शिरल्या शिरल्या लेबल वाचायला धावू नका. दोनतीन मिनिटं नुसते थांबा, डोळे सरावतात. लोक दारातून डोकावतात, "काही दिसत नाही" म्हणतात आणि निघून जातात, आणि ज्याला दिसायला लागतं त्याला खोली अख्खी मोकळी मिळते.

आणि जिथे खिडक्या उघड्या ठेवल्यात तिथे दिवसाउजेडी जा. धातूचं किंवा दगडाचं शिल्प असेल तर त्याला उजेडाचं भय नसतं, आणि ऊन सरकतं तशी सावली सरकते, एकाच वस्तूच्या दोन होतात.

प्रश्न : लेबलावर जे लिहिलेलं असतं ते कुणाला कळतं का? "अवकाशाच्या स्मृतींशी संवाद साधत" वगैरे.

लिहिणाऱ्याला तरी कळत असेल अशी आशा. मी फक्त तीन गोष्टी वाचते, नाव, साल, कशापासून बनवलंय. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. 2010 मध्ये टेट मॉडर्नच्या टर्बाइन हॉलमध्ये आय वेईवेई या चिनी कलाकाराने सूर्यफुलाच्या बिया पसरल्या होत्या, लांबून करडी रेती वाटावी अशा, आणि लेबलावर होतं, पोर्सिलेन. म्हणजे एकूणएक बी चिनी मातीची, हाताने रंगवलेली, आणि अशा 10 कोटी! त्या एका शब्दाने अख्खा हॉल पालटतो. आधी लोकांना त्यावरून चालू देत होते, पण धूळ उडायला लागली, छातीला बरी नाही म्हणून दोनतीन दिवसांत ते बंद केलं. उरलेला परिच्छेद घरी येऊन वाचा, किंवा नका वाचू.

प्रश्न : शेवटी एक तक्रारच समजा. एवढ्या लांबून गेलो आणि एका प्रचंड मोठ्या दालनात काहीच नव्हतं. रिकामं! पाटी होती, लोक होते, पण वस्तू नाही. फसवल्यासारखं वाटलं.

कुठलं दालन ते तुम्ही लिहिलं नाहीये म्हणून नक्की काय होतं ते सांगू शकत नाही, कदाचित दोन प्रदर्शनांच्या मधला काळ असेल, वेबसाइट बघून जायला हवं होतं असं म्हणून मी मोकळी होऊ शकते. पण एक शक्यता अशीही आहे की तुम्ही वस्तू शोधत समोर बघत होतात आणि ती पायाखाली होती.

2007 मध्ये कोलंबियाच्या डोरिस साल्सेडोने टर्बाइन हॉलमध्ये काहीही ठेवलं नाही. पॉवर स्टेशनचा तो अवाढव्य हॉल, वर लोखंडी तुळया, आणि सगळं मोकळं. फक्त जमिनीत एक भेग. दारापाशी केसाएवढी, मग बोटाएवढी, पुढे पाय अडकेल एवढी, वाकडीतिकडी होत 167 मीटर शेवटच्या भिंतीपर्यंत. आत वाकून बघितलं तर तिच्या कडांना तारेची जाळी दिसायची, कुंपणाला असते तशी. सरहद्दी, बाहेरून आलेले लोक, आत कोण आणि बाहेर कोण, असा तिचा विषय होता. लोक आत आल्यावर आधी वर बघायचे, मग इकडेतिकडे, मग कुणीतरी वाकलेलं दिसायचं आणि तेही वाकायचे. लहान मुलं दोन्हीकडे पाय टाकून चालायची, काहींचे पाय अडकले पण.

आता यात इमारत आणि कला वेगळी कशी करणार? भेग वस्तू म्हणायची तर ती जमिनीत आहे, जमीन म्हणायची तर ती इमारतीची आहे.

पुढच्या वर्षी प्रदर्शन संपलं आणि भेग भरून टाकली. पण भरलेलं काँक्रीट आजूबाजूच्या जमिनीत पूर्ण मिसळलं नाही, ती रेघ अजून दिसते. नवं प्रदर्शन येतं, जातं, लोक ढकलगाड्या तिच्यावरून नेतात, कुणी तिच्यावर बसून बुटाची नाडी बांधतं. पाटी नाही, दोरी नाही. तुम्ही कधी गेलात तर दारातून शिरल्यावर डावी-उजवीकडे न बघता जरा खाली बघा.